हौदावर पडला तर चार

आमच्या घरापुढचं खळं मुलांना खेळायला सुरक्षित करायचं, हा ठराव गणपतीत सर्वानुमते पास झाला आणि एकमत तिथेच संपलं. मे महिन्यात मुंबई-पुण्याची पोरं येतात ती जेवायला आणि झोपायला तेवढी घरात, बाकी खळ्यातच. तेव्हा काहीतरी करायला हवं हे सगळ्यांना मान्य होतं. काय करायला हवं, हे मात्र ज्याच्या त्याच्या अंगावरच्या खुणेवर ठरत होतं. आत्याच्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. तिच्या मते सगळ्या संकटांचं मूळ तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यात. काका लहानपणी हौदात पडले होते. त्यांना हौदापलीकडचं काही दिसत नाही. आजीला विंचू चावलेला. आम्हा उरलेल्यांना नुसतीच मतं होती.

पूर्वी पाऊस सरला की नवी माती टाकून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून खळं तयार व्हायचं. त्यावर कुणी पडलं तर आजी आधी सारवणाला किती लागलंय ते बघायची, मग गुडघा. पुढे शहाबादी फरशी आली आणि गुडघ्यांचे दिवस फिरले. त्याही पुढे काकांनी हौसेने बाथरूमच्या भिंतीला शोभतील अशा चकचकीत टाइल्स बसवल्या. पहिल्याच पावसात वायरमनपासून भटजींपर्यंत जो आला तो लोटांगण घालतच आला. घराचा मान वाढला असं काका आजही म्हणतात.

भाचा इंजिनिअर. त्याने रबराच्या लाद्या सुचवल्या. मूल जेवढ्या उंचीवरून पडू शकेल त्या हिशेबाने लादीची जाडी ठरते आणि डोक्याला बसणाऱ्या माराचा आकडा १०००च्या आत ठेवायचा असतो, हे त्याने लॅपटॉपवर दाखवलं. आजीने विचारलं, "हजाराच्या आत म्हणजे नऊशे नव्व्याण्णव चालेल?" भाचा हो म्हणाला. आजीने त्याच्या आईकडे नुसतं पाहिलं. शिवाय काळं रबर आमच्याकडच्या वैशाखात दुपारी बाराला अनवाणी पायांचं काय करेल, याचा आलेख त्याच्याजवळ नव्हता. लाद्या बारगळल्या. झोपाळ्याखाली तेवढी खोल वाळू भरायचं ठरलं. वाळू आली त्या रात्रीच गावातल्या मांजरांना सोय आवडली, म्हणून आता तिच्यावर रोज संध्याकाळी ताडपत्री पडते.

सगळ्यात कमी बोलला तो गवंडी, आणि कामाचं तोच बोलला. "पाणी थांबलं की शेवाळ, शेवाळ आलं की डॉक्टर," एवढंच. दहा फुटांना सव्वा इंच उतार घराकडून बाहेर काढायचा, चकचकीत टाइल्स उखडून खरखरीत फरशी घालायची आणि पावसाळ्यात ती खराट्याने घासत राहायची. घासायचं कोण, हा प्रश्न त्याने आमच्यावर सोडला आणि तो अजून आमच्यावरच आहे.

आजीच्या विंचवाला कुणी हसलं नाही. आमचा गडगा जांभ्याचा, बिनचुन्याचा. एकेका फटीत विंचवाचं बिऱ्हाड. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध उतारा ठरतं, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं, तोवर कोकणात या दंशाने मुलं पटापट दगावत. तरी औषध आहे म्हणून विंचू पाळावा असं नाही. मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंत फटी सिमेंटने भरल्या. कण्हेर परसात गेली. तिचं पान, फूल, बी सगळंच विषारी, आणि भातुकलीत भाजी म्हणून नेमकी तीच चिरली जात होती.

वृंदावनाचे कोपरे घासून गोल करायचे म्हटल्यावर आजी उसळली. "तुळशीला गोल करताय? उद्या मला कराल." अखेर ते वृंदावनालाच विचारायचं ठरलं, म्हणजे गुरुजींना. देवाची हरकत नाही असं कळलं.

हौदाबाबत मात्र मी काकांच्या बाजूने कडक झालो. लहान मूल बुडायला वीतभर पाणीही खूप होतं, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. घरात कुणाला पत्ताही लागत नाही. बिजागऱ्यांची लोखंडी जाळी, तिला कुलूप, किल्ली आजीच्या कमरेला. इथे मतदान घेतलं नाही.

सगळं झाल्यावर पोरं आली आणि खळ्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला. ज्याला आम्ही धोका समजत होतो ते सगळं त्यांच्या क्रिकेटच्या नियमांत होतं. गडग्याच्या फटीत चेंडू अडकला तर दोन धावा. वृंदावनाच्या कोपऱ्याला लागून वळला तर तो स्पिन. शेवाळावर घसरून घेतलेला कॅच डबल आउट. कण्हेरीत गेला तर ज्याने मारला त्याने आणायचा. हौदात पडला तर सिक्स आणि डाव बंद. आम्ही त्यांची अख्खी घटना मोडून ठेवली होती.

दोन दिवस रुसून त्यांनी नवे नियम केले. जाळीवर टप्पा पडला तर चार. पण जाळीवरून उडालेला चेंडू थेट झेलला तर आउट की नॉट आउट, यावर बॅटी उगारल्या गेल्या आणि निवाड्याला काकांना बोलावलं. काकांनी जाळी दोनदा हलवून पाहिली, कुलूप ओढून पाहिलं आणि आत्याच्या नातवाला आउट दिलं.

"हौदात पडलेल्या माणसाला अंपायर करूच नये," आत्या ओट्यावरून म्हणाली.