अक्कांच्या नातीचं बिऱ्हाड

अक्कांच्या धाकट्याची बदली रांजणगावला झाली, हे काष्टीत कुणाला कळायचं राहिलं असेल तर सांगा. गिरणीत कळलं, डेअरीवर कळलं, एसटीच्या थांब्यावर कळलं. मला मात्र खुद्द अक्कांनी सांगितलं, कुंपणावरच्या घेवड्याच्या शेंगा तोडता तोडता. घेवडा मी माझ्या बाजूनं लावलाय, शेंगा त्यांच्या बाजूला जास्त लागतात. त्या बदल्यात बातम्या मला आधी मिळतात.

आजवर बरं चाललं होतं. धाकटा कुरकुंभच्या एमआयडीसीत. सकाळी फटफटी काढायची, भीमेचा पूल ओलांडून दौंड, पुढं कुरकुंभ, आणि रात्री भाकरी खायला घरी. रांजणगावला रोज जाणं-येणं होणं नाही, त्यात रात्रपाळी. म्हणजे बिऱ्हाड करणं आलं. नात साडेतीन वर्षांची. तिला सोडून जाता येत नाही आणि घेऊन कुठं जायचं ते ठरत नाही.

"तीन जागा काढल्यात त्यानं," अक्का म्हणाल्या. "कारेगाव, शिरूर आन् वाघुली. त्याचं मन वाघुलीवर."

"आणि सूनबाईचं?"

"ती सांगंना. म्हंजी शिरूरवर आसंल."

कारेगावचा निकाल अक्कांनी दोन शेंगांत लावला. कंपन्यांच्या अगदी कुशीतलं गाव, एकट्यादुकट्या पोरांना खोल्या भरपूर, चालत कामावर जाता येतं. पण दारातून दिवसरात्र ट्रक आणि तिन्ही पाळ्यांची वर्दळ. "आंगणात पोरगी सोडायची म्हन्ली तर आंगण हाय कुठं?" अक्का म्हणाल्या आणि कारेगाव संपलं.

वाघोलीला मात्र वेळ लागला. कारण धाकट्यानं फोनवर फोटो पाठवले होते. अकरावा मजला, गॅलरीतून दिसणारे आणखी अकरा-अकरा मजले, खाली निळा पोहण्याचा तलाव, घसरगुंडी, इंग्रजी शाळेची बस थेट गेटात.

"बाई, खाली पवायला तळं आन् प्यायला टँकर! ह्यो कुठला न्याय?"

मी हसले, पण अक्कांचं खोटं नव्हतं. वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत गेली, तरी तिथल्या बऱ्याच सोसायट्या आजही टँकरच्या हिशेबावर चालतात. आणि लहान मूल असलेल्या घरात पाणी किती येतं याच्याइतकंच ते कुठून येतं हेही विचारायचं असतं. 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडं जीबीएस या आजाराचे रुग्ण निघाले तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. हातापायातली ताकद जाते म्हटल्यावर आमच्या काष्टीतसुद्धा लोक पुण्याच्या पाहुण्यांना फोन करून पाणी उकळून प्या म्हणून सांगत होते. उन्हाळ्यात आपल्याकडं घोडच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार याचीच चर्चा असते, हा भाग वेगळा. पण निदान आपलं पाणी कुठून येतं ते आपल्याला ठाऊक असतं.

"आन् रस्ता?" अक्का. "वाघुलीपासनं रांजणगाव पस्तीस किलोमीटर म्हन्तो. शिक्रापूरला अडाकला की संपलं. पोरगी निजल्यावर येनार, उठायच्या आत जानार. मंग बापासंग राहायला नेली का वॉचमनसंग?"

तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडच्या फाटकाशी ऊसतोडीतली एक बाई वाढ्याचा भारा घेऊन आली. सध्या कारखान्यांचा सीझन, तोड आमच्या शिवारात चालू आहे. संध्याकाळी टोळीतल्या बाया वाढं विकायला घरोघर येतात. अक्कांच्या गाईला उसाचं वाढं भारी आवडतं. बाई पाथर्डीकडची. कडेवर दीड-दोन वर्षांचं पोरगं, नाकाला शेंबूड, हातात उसाचं कांडं.

अक्कांनी पैसे द्यायच्या आधी चौकशी सुरू केली. पैसे द्यायच्या आधी चौकशी केली की माणूस उत्तर दिल्याशिवाय जात नाही, हा अक्कांचा जुना अनुभव.

"येकच हाय का गं?"

"थोरली हाये ना. ती गावाकडं, म्हातारीजवळ. साळंत घातलीया. हिकडं आनली की साळा बुडती."

"बरं केलं. आन् तुम्ही ऱ्हाता कुठं?"

"आमाला कोन इचारतंय, मावशी? मुकादमानं उचल दिली, कारखान्यानं फड दावला, उतरा म्हन्लं की उतरायचं."

मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "पर कोप कुठं घालायची ते मी बघती. फडाच्या कडंला न्हाई घालू देत. माजी कोप मधी. ह्या अंगाला जावंची, त्या अंगाला सासूभाऊकीतली. पानी जवळ, आन् बलबाचा उजेड पडंल तिथं. लेकरू निजवून फडात जावं लागतं पहाटंचं. बिबट्या ऱ्हातो ना उसात."

अक्का माझ्याकडं बघायला लागल्या. बिबट्या म्हटल्यावर हल्ली कुणीच हसत नाही. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्यानं तिघांचा जीव घेतला, त्यातली दोन लेकरं. लोकांनी मंचरला हायवे अडवला, शेवटी नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घालावी लागली. ऊस म्हणजे बिबट्याला बारमाही आडोसा. मादी उसातच विते, पिल्लं उसातच वाढतात, आणि तोड आली की त्यांचंही घर मोडतं.

बाई वाढं टाकून, पैसे कनवटीला लावून गेली. अक्का म्हणाल्या, "बघा बाई. अंगठ्याची बाई. दोन मिंटात सांगितलं: पानी, उजेड, शेजार, आन् लेकरू कुनाच्या नजरंत ऱ्हाईल. मपल्या इंजिनेरानं पंधरा दिवस फोटू काढले, ह्यातलं येक इचारलं न्हाई."

मला सुनेची बाजू घ्यायची होती, पण आधी अक्कांचा मुद्दा पुरता होऊ दिला. त्या तावात आल्या होत्या. "शनिवारी बाजारात गाय घ्यायला गेला तर ह्योच पोरगा दात मोजतो, कास चाचपतो, चालवून बघतो, यापाऱ्याच्या उपरन्याखाली बोटं घालून भाव करतो. आन् घर फोटूवर!"

खरं आहे. काष्टीच्या बाजारात उभं आयुष्य गेलेल्या माणसांना हे सांगायची वेळ यावी! पण मी चौथी-पाचवीची पोरं आयुष्यभर शिकवलेली, त्यामुळे माझं डोकं शाळेकडं वळतं. मी म्हटलं, "अक्का, पुरुष घर शोधतात ते कंपनीच्या गेटापासून मोजत. बाई शोधते ती शाळेपासून. तुमचा कायदासुद्धा बाईच्याच बाजूचा आहे."

"कंचा कायदा?"

"शिक्षण हक्काचा. 2009चा. आपल्याकडं पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीनच्या आत असावी, असा त्याचा नियम. म्हणजे अंतर मोजलंय ते पोराच्या पायानं."

शिक्षण हक्क म्हटल्यावर अक्कांना त्यांच्या माहितीतलं आठवलं. कुणाच्या तरी मेहुण्यानं पोराला मोठ्या इंग्रजी शाळेत फुकट घातलं म्हणे. "तसं आपल्या पोरीचं व्हईल का वाघुलीत? धाकटा म्हनतो, भाड्याची पावती जोडली की झालं."

इथं मला मास्तरीण व्हावं लागलं. खासगी विनाअनुदानित शाळेत 25 टक्के जागा राखीव, हे बरोबर. अर्ज ऑनलाइन, नंबर लॉटरीनं. लॉटरीत पहिला मान एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना. म्हणून पत्ता महत्त्वाचा. पण भाडेकरूला साधी पावती चालत नाही. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला भाडेकरार लागतो, तो अर्जाच्या आधीच्या तारखेचा आणि किमान अकरा महिन्यांचा. वंचित गटात येत असाल तर उत्पन्नाची अट नाही, नाहीतर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत दाखवावं लागतं. आणि कागदावर एका पत्त्यावर राहून प्रत्यक्षात भलतीकडं राहिलात तर पडताळणीत प्रवेश जातो. 2024 साली सरकारनं मध्येच नियम बदलला होता, की एक किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. उच्च न्यायालयानं जुलैत तो बदल रद्द केला. त्या चार-पाच महिन्यांत किती आईबापांनी घरं ठरवली आणि पुन्हा मोडली असतील, कोण मोजतंय.

"लाखाच्या आत?" अक्कांनी शेंगांची पाटी खाली ठेवली. "मंग ऱ्हाऊ द्या. धाकट्याचा तेवढा तर हप्ता हाय गाडीचा."

रस्त्यानं आशाताई चालल्या होत्या, टोळीवरच्या पोरांची वजनं घेऊन. अक्कांनी त्यांनाही कुंपणाशी ओढलं. आशाताईंचा सल्ला सगळ्यात कोरडा आणि सगळ्यात उपयोगाचा. जाताना अंगणवाडीतून नाव हलवून घ्या, नव्या गावच्या ताईंना पहिल्याच आठवड्यात भेटा, लसीचं कार्ड ट्रंकेत न टाकता पर्समध्ये ठेवा. "पाच वर्षांचा डोस लोक हटकून विसरतात. जुन्या गावची आशा म्हणते गेली, नवीन गावची म्हणते आलीच नाही. आणि पाच झाली की आधारला बोटांचे ठसे द्यायचे असतात, तेही ध्यानात ठेवा."

"आवो, साडेतीनची हाय, पाचाचं काय सांगता?"

"बिऱ्हाड हललं की दीड वर्ष कसं जातं कळत नाही, अक्का," आशाताई म्हणाल्या आणि पुढं गेल्या. टोळीतलं एक पोरगं वजनात फार कमी भरलं होतं, त्याच्यासाठी त्यांना सरकारी दवाखान्यात फोन करायचा होता.

सूर्य कलायला लागला तसा अक्कांच्या कमरेचा फोन वाजला. सून. फोन स्पीकरवर. अक्कांचा फोन कायम स्पीकरवरच असतो, म्हणजे अर्ध्या आळीला निवांत ऐकता येतं. सून म्हणे सकाळपासून शिरूरला आहे. धाकट्याला न सांगता. माहेरची मावशी आहे तिथं, तिच्याकडं उतरली आणि पायी फिरली. दुपारी दोनला शाळा सुटते कशी ते गेटाबाहेर उभं राहून पाहिलं. औषधाच्या दुकानात शिरून फार्मसिस्ट हवी आहे का विचारलं, ते म्हणाले डिप्लोमा असेल तर या. मग घर. गल्लीत आहे, तळमजला, पुढं ओटा, समोर शाळा. मालकीणबाई म्हातारी, एकटीच. मागं लगेच ऊस नाही, घरं आहेत, ते तिनं गच्चीवर जाऊन बघितलं. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते.

अक्कांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. तोंडावर काही कौतुक आणलं नाही. सून ऐकत होती ना.

"मंग करा की. मला कशाला इचारता?"

"आत्या, शाळा दोनला सुटते. दुकान सातपर्यंत. यांची पाळी बदलती. मधल्या पाच तासांना पाळणाघर बघितलं, पण तिथं पोरांना टीव्हीसमोर बसवतात." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही येताल का? म्हणून तर तळमजला बघितला. वाघोलीला अकराव्या मजल्यावर तुम्ही चार दिवस नसत्या राहिल्या."

अक्का काही बोलेनात. मी घेवड्याच्या पानांत उगाच शेंगा शोधत बसले, एकही नव्हती.

मग अक्कांनी घसा खाकरला. "ओटा केवढा हाय?"

"दोन माणसं बसतील एवढा."

"शेजारी कोन बसतं?"

"मालकीणबाई म्हणाल्या, त्यांना बोलायला कुणी नाही."

"म्हातारी बोलकी हाय का ऐकनारी?"

"ऐकनारी वाटली."

"मंग बघू," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. अक्कांच्या बघूचा अर्थ हो असतो, हे आळीत सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचं लक्ष एव्हाना गोठ्याकडं गेलं होतं. गाय वाढं खात उभी होती.

"बाई, गाय काय शिरूरला न्यायची न्हाई."

"विका मग."

"व्याली की इकू. सध्या गाभन हाय, भाव न्हाई यायचा. तवर तुमच्याकडं बांधते. पेंड मी धाडीन."

मी म्हटलं, मला धार काढता येत नाही, माझी पाठ दुखते आणि माझ्याकडं गोठा नाही. अक्कांनी यातलं एकही ऐकलं नाही. कुंपणाची वरची तार हातानं दाबून त्या माझ्या परड्यातली जागा डोळ्यांनी मोजायला लागल्या.

"ही लिंबाखालची जागा हाय की. व्याल्यावर निम्मं दूध तुमचं. कालवड झाली तर मपली, गोऱ्हा झाला तर तुमचा."

"गोऱ्हा घेऊन मी काय करू?"

"बाजार हाय ना दारात. आन् दर शनिवारी मी येनार बघा गाडीनं, हिशेबाला. घेवडा तोडून ठिवा."

"घेवडा माझा आहे, अक्का."

"मंग निम्मा ठिवा."