बेवारस फाल्गुन

‘आमच्याकडे आज नऊ पॉइंट चार.’

पाषाणवाले काका सकाळी वेताळ टेकडीवर हे जाहीर करतात तेव्हा ते नुसतं तापमान नसतं. सगळं पुणं कोथरूडला जागा शोधत होतं तेव्हा आपण पाषाणला घेतली, या दूरदृष्टीचा तो रोजचा पुरावा असतो. कोथरूडच्या वतीनं मी ‘अकरा’ म्हणतो आणि लोहगाववाले बुटाची नाडी बांधायला खाली वाकतात. लोहगावचं किमान तापमान शहरापेक्षा कायम दोन-चार अंशांनी वर. थंड हवा जड. रात्री ती सखल भागात उतरून बसते, आणि लोहगाव पडलं उंचवट्यावर. त्याला ते तरी काय करणार? पण थंडीचे तीन महिने या माणसाची नाडी रोज त्याच वेळेला सुटते.

आम्ही हवामानवेडे. कोणी आम्हाला नेमलेलं नाही, कोणी विचारतही नाही. प्रत्येकाच्या गच्चीत कमाल-किमान दाखवणारा तापमापक आहे, पावसाचं नरसाळं आहे आणि घरच्यांची सहनशीलता आहे. काकांनी तर सुताराकडून झडपांची पांढरी पेटी करून घेतली. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनिअरची कल्पना. दीपगृहं बांधणारा माणूस, आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा बाप. ऊन थेट लागू नये, वारा मात्र खेळावा, म्हणून झडपा. ऊन परतून जावं म्हणून पांढरा रंग. काकांनी सुताराला हे सगळं चहा पाजून समजावलं. त्यानं मान डोलावली, माप घेतलं आणि निघताना विचारलं, ‘कबुतरं किती ठेवणार?’

हा छंद पुण्याला शोभतो, कारण त्याला सरकारी वंशावळ आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं. पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ राहिलं ते राहिलंच. इमारतही तीच, चौकही तोच, बसस्टॉपही तोच. रिक्षावाल्याला ‘वेधशाळा’ म्हटलं तर तो दोनदा विचारतो. ‘सिमला’ म्हटलं की निदान नकार तरी लगेच देतो. त्याच शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता. या दिवसाबद्दल काका इतक्या तपशिलानं बोलतात, की ते तेव्हा जन्मालाही आले नव्हते हे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आमच्यात एक खरे तज्ज्ञही आहेत. खात्यात हयात काढून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. उद्या काय होईल असं विचारलं की ते क्षितिजाकडे पाहतात, चष्मा पुसतात आणि ‘बघू’ म्हणतात. आमच्यापैकी सर्वांत कमी बोलणारा माणूस तोच. ज्ञानाचा हा दुष्परिणाम आमच्यावर अजून झालेला नाही.

खरा हंगाम आमचा फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होतो. पावसाळ्यात आम्हाला कोणी कुत्रं विचारत नाही. तेव्हा खातं असतं, वाहिन्या असतात, खडकवासल्याचे आकडे असतात. मे महिन्यात सांगण्यासारखं काही नसतं. पण फाल्गुन? तो बेवारस आहे. खात्याच्या दप्तरात वसंत नावाचा ऋतूच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ, संपलं. पंचांगात वसंत आहे, पण तो चैत्र-वैशाखात. आणि त्याच्या नावाची वसंतपंचमी मात्र माघात, म्हणजे ऐन शिशिरात, यजमान यायच्या आधीच पंगत उठवून मोकळी. सातबाऱ्यावर कोणाचंच नाव नसलेल्या जमिनीच्या तुकड्यासारखा हा महिना-दीड महिना पडून असतो. आम्ही त्यावर रीतसर अतिक्रमण केलं आहे.

तुकडाही असा, की सकाळी अकरा अंश आणि दुपारी चौतीस. हवा कोरडी, आकाश निरभ्र. रात्री जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते आणि सूर्य आला की दहा वाजेपर्यंत ती व्याजासकट परत. टेकडीवरून सकाळी खाली पाहिलं तर शहरावर धुराचा एक सपाट थर दिसतो. खाली गार हवा, वर उबदार, त्यामुळे धूर मधेच अडकलेला. लोक तिथे सूर्योदयाचे फोटो काढतात. आम्ही थराची जाडी किती यावर भांडतो. शहाणा पुणेकर या दिवसांत कांद्यासारखे पापुद्रे घालून बाहेर पडतो आणि दुपारपर्यंत सोलून निघतो. स्वेटर कमरेला, मफलर पिशवीत, कानटोपी मात्र डोक्यावरच. ती उतरवणं म्हणजे थंडी संपल्याची कबुली, आणि काका ती इतक्या सहज देत नाहीत.

थंडी कधी संपते याचा निकाल पूर्वजांनी लावून ठेवलाय असं सगळ्यांना वाटतं: होळी जळाली, थंडी पळाली. पण होळी २०१८ मध्ये १ मार्चला होती आणि २०२१ मध्ये २८ मार्चला. जवळजवळ चार आठवड्यांचा फरक. थंडीनं नेमकं कुठल्या होळीचं ऐकायचं? हा मुद्दा मी दर वर्षी मांडतो आणि दर वर्षी शिमगा सरला तरी त्याचं कवित्व टेकडीवर उरतं.

झाडवाल्या बाईंना आकड्यांत रस नाही. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की त्यांच्या मते विषय मिटला. तांबटाची टुकटुक वाढली की उन्हाळ्याचा अर्ज मंजूर. रस्त्याकडेची गुलाबी टॅबेबुया मात्र त्या साक्षीला घेत नाहीत. ‘ते परदेशी झाड आहे, त्याला इथलं काय कळतंय?’ यावर कोणीतरी गुलमोहोरही बाहेरचाच म्हणून आठवण करून देतं. त्या म्हणतात, तो फार वर्षांपासून राहतोय. पुण्यात हा नियम माणसांनाही लागू आहे, त्यामुळे कोणी पुढे बोलत नाही.

आणि मॉडेलवाला मुलगा. संगणक कंपनीत आहे, टेकडीवर धावायला येतो आणि आमच्यात अडकतो. त्याच्या मोबाइलवर रंगीत वारे वाहत असतात. तो युरोपियन मॉडेलचा माणूस. अमेरिकन मॉडेलबद्दल, काही घराण्यांचे गवई दुसऱ्या घराण्याबद्दल बोलतात तितक्याच आदरानं बोलतो. एकदा त्यानं सांगितलं, की युरोपियन मॉडेल सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करतं. काकांनी हातानं अंतर मोजलं. ‘म्हणजे कोथरूड आणि सदाशिव पेठ एकाच चौकटीत?’ असं होऊ शकतं, तो म्हणाला. त्या दिवसापासून काकांचा युरोपवरचा विश्वास उडाला.

या दिवसांत हवा का बिघडते, ते समजायला सोपं आहे. कधी बिघडेल ते सांगणं अवघड. भूमध्य समुद्राच्या बाजूनं पश्चिमी झंझावात निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून काश्मीरला बर्फ टाकतात. त्यांच्या मागून उत्तरेची कोरडी, गार हवा खाली येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारा आत शिरतो. दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडली की ढग, गडगडाट, कधी गारा. झंझावात आलेच नाहीत तर नुसतं तापतं. २०२३ चा फेब्रुवारी, दिवसाच्या तापमानाची देशभरची सरासरी पाहता, १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला. त्या महिन्यात काकांचा चेहरा बघवत नव्हता. लोहगाववाले ताठ चालत होते.

गारांचा विषय निघाला की मात्र टेकडी गप्प होते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रात गारांनी गहू, हरभरा, द्राक्षं झोडपून काढली. लोहगाववाल्यांचे साडू नाशिककडे द्राक्षं लावतात. त्यांना फोन करून ‘काय म्हणतंय हवामान?’ असं मौजेनं विचारता येत नाही. तोडणीला आलेला घड डोक्यावर असताना आकाश हा छंद राहत नाही. आम्ही विचारतो ते हळूच, आणि आकडा न सांगता.

मुंबईचे माझे मेहुणे मात्र उलट फोन करतात. मुंबईकर हवामानात कच्चे. त्यांना ऋतू दोनच, घाम आणि लोकल बंद. फेब्रुवारीत तिथे पूर्वेचा जमिनीवरचा वारा जोर धरतो, समुद्राचा वारा दुपारी उशिरा आत येतो आणि तेवढ्या वेळात मुंबई भाजून निघते. ‘आमच्याकडे छत्तीस पॉइंट आठ. ही उष्णतेची लाट ना?’ मेहुण्यांचा आवाजच उकडलेला होता. मी म्हटलं, नाही. किनाऱ्यावर लाट म्हणायला कमीत कमी सदतीस हवेत आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त. ‘मग हे काय आहे?’ ‘नियमानं हे नुसतं ऊन.’ त्यांनी फोन ठेवला. बहिणीनं नंतर कळवलं की ते बरे आहेत, पण माझ्याशी बोलायचं नाही म्हणतात.

आमच्या या सगळ्या विद्येला गिऱ्हाईक एकच: माझी आत्या. तिला आर्द्रता नको, दाब नको. तिला कुरडया घालायच्या असतात. आणि कुरडई हा स्वयंपाक नसून मध्यम पल्ल्याचा अंदाज आहे, हे मला तिनंच शिकवलं. ‘शनिवारी रात्री गहू भिजत घालीन. तीन दिवस रोज पाणी बदलायचं. मंगळवारी वाटून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, बुधवारी पहाटे शिजवून सोऱ्यानं घालायच्या. मग बुधवार-गुरुवार मला कडकडीत ऊन हवं. मिळेल का ते आज सांग.’ एकदा गहू भिजला की माघार नाही. जगातल्या कुठल्या हवामानसंस्थेला इतका नेमका प्रश्न कोणी विचारत असेल असं मला वाटत नाही.

मी तो टेकडीवर नेला. काका म्हणाले, उत्तरेचं वारं आहे, खुशाल घालू दे. मॉडेलवाला म्हणाला, अमेरिकन पाऊस दाखवतंय, म्हणजे पडणार नाही. झाडवाल्या बाईंनी मुंग्या अंडी हलवताना पाहिल्या होत्या. लोहगाववाल्यांनी पेपर काढला: मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता. तुरळक म्हणजे जास्तीत जास्त पाव ठिकाणी. आता आपली गच्ची त्या पावात की पाऊणात? सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा पुसला.

‘ ‘बघू’ तर मलाही म्हणता येतं,’ आत्या म्हणाली आणि तिनं गहू भिजत घातला.

बुधवार लखलखीत गेला. गुरुवारी दुपारी मंडळी आमच्या गच्चीवर जमली. कारण तापमापक जुळवून बघण्याचं, डोळा चहावर. दोन जुन्या साड्यांवर कुरडया पसरलेल्या. चारच्या सुमारास सिंहगडाच्या बाजूनं एक ढग वर चढू लागला. काय देखणा ढग! खालून सपाट, वरून फुलकोबी. माथा अजून गोल आहे, सपाट होऊन पसरला तरच गडगडाट, असं काका म्हणत होते. पसरतोयच, असं बाई म्हणत होत्या. मॉडेलवाला फोटो काढून मॉडेलला दाखवत होता.

‘उभे काय राहिलात? टोकं धरा!’

एक साडी आत गेली. दुसरी वळेपर्यंत थेंब टपोरे झाले. पाऊस पडला तो जेमतेम सात-आठ मिनिटं, पण मन लावून. थांबल्याबरोबर आम्ही नरसाळ्याकडे धावलो. दोन पॉइंट सहा मिलिमीटर! अडीचच्या वर गेलं की खात्याच्या हिशेबानं तो ‘पावसाचा दिवस’. फाल्गुनात, आमच्या गच्चीवर, पावसाचा दिवस! काकांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. पाषाणला कोरडं होतं. त्यांनी हा पराभव मोठ्या मनानं घेतला. लोहगाववाल्यांना टाळी द्यायला मी वळलो तर ते आत्याबरोबर ओल्या कुरडया वेचत होते.

मी वही उघडून ‘गुरुवार’ लिहायला घेतलं, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साहेब न विचारता बोलले.

‘शुक्रवार लिहा.’

‘पण साहेब, पाऊस आज पडलाय.’

‘मोजणी सकाळी साडेआठला. मागच्या चोवीस तासांचा पाऊस ज्या दिवशी मोजला त्या तारखेवर जातो. हा उद्याच्या खात्यात.’ त्यांच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती.

आत्या सूप घेऊन उभी राहिली. ‘म्हणजे कुरडया गुरुवारी भिजल्या आणि पाऊस शुक्रवारी पडला?’

‘नोंदीप्रमाणे, हो.’

‘मग चहाही उद्याच मोजा,’ ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं गॅस बंद केला.