वाघ्याची सक्तीची रजा

बिबट्याच्या तालुक्यात राहून कुत्र्याचं नाव वाघ्या ठेवायला छाती लागते. आमच्या राहुरीकडं उसाला तोड आली की बिबटे बांधावर दिसू लागतात आणि मग आमचा वाघ्या सगळा राग फटफटीवाल्यांवर काढतो. लांब टांगा, आत गेलेलं पोट. आपण कारवानी रक्ताचे आहोत असा त्याचा समज आहे आणि तो खोडून काढायला आमच्याकडं पुरावा नाही. ही अंगकाठी सरळ पळायला केलेली. झोपेतून उठून थंड अंगानं सुसाट सुटायचं आणि गचकन वळायचं, की मांडीचा नाहीतर जांघेचा स्नायू ताणलाच.

मग वाघ्या निवडणूक हरलेल्या पुढाऱ्यासारखा उठतो: सावकाश, आणि आपल्याला काही झालेलं नाही असं दाखवत.

तालुक्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. निदान मात्र पारावरच होतं. आबा म्हणाले, "दृष्ट लागलीय." काकूंनी हळद-चुना सुचवला. तात्या पुढं सरले, "मास्तर, बिब्बा घाला. नायतर डाग द्या, मोकळा हुतोय." एकानं तर खिशातून स्वतःच्या कंबरेची गोळी काढली.

बिब्ब्यानं आणि डागण्यानं कातडी जळते, लचक जागेवरच राहते. बाम लावावा तर कुत्रा तो चाटून पोटात घेतो. पण सगळ्यात वाईट ती गोळी. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅक हे असलंच दुखण्याचं औषध; ते दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन देशातली गिधाडं संपत आली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. सडलेला बैल पचवणाऱ्या गिधाडाला जे झेपलं नाही, ते वाघ्याला भाकरीत घालून द्यायचं?

लंगडणारं कुत्रं दिसलं की आधी पंजा बघावा. आपल्या भागात पहिला संशय सराट्यावर, दुसरा बाभळीच्या काट्यावर. तिथं काही नसलं, तर त्याला सपाटीवर चालवावं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. मागचा असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा वर उचलला जातो. मग आधी चांगली मांडी चाचपायची, नंतर दुखरी. वाघ्यानं एका जागी हात पोचताच मान वळवली आणि माझ्या मनगटाकडं असं पाहिलं की तपासणी तिथंच आटोपली. दुखणाईत कुत्रं धन्यालाही चावतं.

पहिले दोन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सूज उतरली की कोमट शेक. आणि विश्रांती! औषध एवढंच, आणि तेच पाजणं कठीण. साखळीला धरून फिरवायचं, ओट्यावर उडी नाही, जिना नाही, आणि हे दोन-तीन आठवडे. लंगडणं थांबलं की घरातली माणसं कळवळून साखळी सोडतात. अर्धवट जुळलेला स्नायू पुन्हा फाटतो तो तेव्हाच. पडवीत बांधलेल्या वाघ्यानं दूधवाल्याच्या फटफटीवर रोज तोंडी निषेध नोंदवला. भुंकायला मांडी लागत नाही, म्हणून तेवढी मुभा दिली.

पाय अजिबात टेकवत नसेल, वाकडा दिसत असेल, सूज वाढत असेल किंवा दोन दिवसांत उतार नसेल, तर सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जाताना फक्त पारावरून जाऊ नका.