कोरड्या शॉवरची काटकसर

कमी खर्चात बाथरूम कसं नवं करावं, हे जगाने जालन्याकडून शिकावं.

भिंतींना थेट छतापर्यंत मोरबीची चकचकीत टाइल लावावी. नळ रोज येत नसल्याने क्षारांचे डाग धरायला तिला सवडच मिळत नाही. नातवाच्या लग्नापर्यंत ती नवी राहते. फरशीवर मात्र पैसा उधळू नये. ड्रम, बादल्या आणि घागरींखाली ती दिसते कुणाला? शहाबादी पुरे.

वाचलेल्या पैशांत रेन शॉवर घ्यावा, तोही सोनेरी. ‘जालना सोने का पालना’ म्हणवणाऱ्या गावाला स्टीलची तोटी शोभत नाही, गावात सळयांचे एवढे कारखाने असले तरी. निजामकाळात घाणेवाडीचा तलाव झाला, पुढे पैठणहून जायकवाडीची जलवाहिनी आली. म्हणजे पाणी शॉवरच्या दिशेने निघालेलं आहेच. तोवर शॉवरला पाइप जोडू नये. पाइप, प्लंबर आणि गळती, तिन्हींचा खर्च वाचतो. पाहुण्यांना शॉवर दाखवावा, आंघोळीला बादली द्यावी.

एकच सूचना: दाराची चौकट सगळ्यात शेवटी बसवा. पाचशे लिटरची टाकी अडीच फुटी दारातून आत जात नाही.