सोफ्यावरचा शेतकरी

सोफ्यावरचा शेतकरी हा अहिल्यानगर शहरात, विशेषतः सावेडी, पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड आणि केडगाव या भागांत आढळणारा मध्यमवयीन गृहस्थ होय. तो बँकेत, माध्यमिक शाळेत, एमआयडीसीतल्या कारखान्यात किंवा एखाद्या सरकारी कचेरीत नोकरीला असतो. गाव तीस-चाळीस किलोमीटरवर असते. सातबाऱ्यावर नाव त्याचे आणि भावाचे, शेतात मात्र एकटा भाऊ. जमीन पारनेर, पाथर्डी किंवा कर्जतकडची असेल तर कोरडवाहू आणि राहुरी-नेवाशाकडची असेल तर मुळेच्या पाटाखालची. या फरकाने त्याच्या स्वभावात काही बदल होत नाही, भावाच्या होतो.

रात्रीचे जेवण झाले, मुले आपापल्या मोबाईलमध्ये गुंतली, की तो टीव्हीपुढे बसतो आणि अलास्कातल्या बर्फात लाकडे फोडणारी माणसे बघतो. पंखा तीनवर, पाय टीपॉयवर, हातात बडीशेप. अर्ध्या तासाने तो म्हणतो, "खरं जगणं हे. आपण काय जगतो?" हे वाक्य ही या प्रकाराची पक्की खूण आहे. घरातले त्याला उत्तर देत नाहीत. पूर्वी देत असत.

तो बघतो त्या कार्यक्रमांचे मूळ अमेरिकेत आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, जो माणूस पाच वर्षे जमीन कसून तिथेच घर करून राहील त्याला १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळू लागली. (ती जमीन आधी कोणाची होती, हे कायद्याने विचारले नाही आणि कार्यक्रमही विचारत नाहीत.) त्या आठवणीवर तिकडे आजही मालिका निघतात. 'अलास्का: द लास्ट फ्रंटियर' ही २०११ साली सुरू झालेली मालिका किल्चर नावाच्या कुटुंबाची आहे. गुरे राखायची, मासे धरायचे, हिवाळ्याची बेगमी करायची, एवढाच त्यांचा व्याप दाखवतात. त्यांची जमीन सुमारे ६०० एकर. सोफ्यावरचा शेतकरी हा आकडा ऐकून पुढे जातो, पण इथे थोडे थांबायला हवे. महाराष्ट्राच्या कमाल जमीन धारणा कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा कुटुंबामागे ५४ एकर आहे. जुन्या होमस्टेडवाल्याचे ते १६० एकरांचे साधेसुधे बिऱ्हाड पारनेर तालुक्यात असते तर त्यातले शंभरावर एकर सरकारजमा झाले असते आणि उरलेल्या ५४ एकरांवर त्याला गावात मोठा जमीनदार म्हणून सोसायटीच्या निवडणुकीत उभे केले गेले असते. तिकडचे थोडके इकडच्या बेसुमाराच्या तिप्पट भरते. सोफ्यावरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला वाटणीनंतर साडेतीन एकर येतात, त्यांतला अर्धा एकर खडकाळ.

'होमस्टेड रेस्क्यू' हा त्याचा खास आवडता कार्यक्रम. २०१६ साली सुरू झालेल्या या मालिकेत मार्टी रॅनी नावाचा दाढीवाला गृहस्थ मुलाला आणि मुलीला घेऊन, रानात राहायला जाऊन फसलेल्या कुटुंबांच्या मदतीला धावतो. पाणी नाही, छप्पर गळते, अस्वल कोंबड्या नेते, नवराबायको परत जायच्या गोष्टी करतात. रॅनी येतो आणि थोड्याच दिवसांत पाणी आणतो, हरितगृह उभे करतो, छप्पर ठाकठीक करतो. योगायोगाने २०१६ सालीच महाराष्ट्रात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. ज्या हप्त्यात रॅनी डोंगरातला झरा नळीने घरापर्यंत नेतो, तो बघताना सोफ्यावरच्या शेतकऱ्याचे डोळे पाणावतात. त्याच वेळी गावाकडे भाऊ सातबारा, आठ-अ आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन शेततळ्याच्या अर्जाच्या रांगेत असतो. त्याचे चित्रीकरण होत नाही, कारण त्यात दाढीवाला कोणी येत नाही.

मराठी वाहिन्यांनीही हा प्रांत सोडलेला नाही. झी मराठीवर डिसेंबर २०२३ मध्ये 'जाऊ बाई गावात' सुरू झाले. शहरात वाढलेल्या मुलींना गावात आणून गावची कामे करायला लावायची, असा तो खेळ आणि हार्दिक जोशी त्याचा सूत्रधार. २००३ साली अमेरिकेत पॅरिस हिल्टन आणि निकोल रिची यांना आर्कान्सातल्या शेतकरी कुटुंबात नेऊन सोडणारे 'द सिंपल लाइफ' या खेळाचे थोरले भावंड. २०२५ मध्ये त्याच मराठी वाहिनीने 'चल भावा सिटीत' काढून गावची पोरे शहरात आणली. हिशोब चुकता झाला. सोफ्यावरच्या शेतकऱ्याने यातला पहिला कार्यक्रम चवीने पाहिला आणि मुलींना शेणात हात घालता येत नाही म्हणून मनसोक्त हसला. स्वतः त्याने शेणात शेवटचा हात घातला तो दहावीच्या आधी. त्या वेळी दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागायचे आणि हा कधी एकदा ते संपते याची वाट बघत बसायचा. त्या कार्यक्रमात कोणी साधेपणाविषयी बोलत नसे. मावा पडला तर कोणते औषध पंपाला किती मिली घालायचे, हे कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ कागदावरून वाचून दाखवत. वडील ते आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत. शेतीवरचा हा असा एकच कार्यक्रम, जो बघून शेतीत काही फरक पडे. त्याला पार्श्वसंगीत बेताचेच होते.

पडद्यावरचे घरात उतरू लागते तेव्हा या प्रकाराचा दुसरा टप्पा सुरू होतो. प्रथम फ्रिजशेजारी माठ येतो, तोही स्टीलच्या तोटीचा. मग बिडाचा तवा, तांब्याची बाटली, लाकडी घाण्याचे तेल, खपली गहू. बिडाच्या तव्याला रोज तेल लावून ठेवावे लागते हे चौथ्या दिवशी कळते आणि तव्याला कुंडीखाली जागा मिळते. साधेपणा परवडत नाही अशी तक्रार तो करत नाही, पण महिन्याच्या किराण्यात तेलाचा आकडा दुप्पट झाल्याचे त्याची बायको जिन्यातल्या बायकांना सांगते. गच्चीत पिशव्यांमध्ये टोमॅटो लागतात. हंगामात एकूण अडीच किलो निघतात. त्यांचे फोटो दोनशे निघतात.

बायकोचे मत या विषयात सर्वांत जास्त मोलाचे आहे, कारण तिचे बालपण चुलीपाशी गेलेले असते. धुराने डोळे चुरचुरणे, पावसाळ्यात ओले सरपण, पहाटे जात्यावर बसणे, हे तिने सहा भावंडांच्या घरात केलेले असते आणि गॅस आला त्या दिवसाची तिला तिथी आठवते. नवरा गच्चीत चूल मांडायची म्हणतो तेव्हा ती विरोध करत नाही. "मांडा ना," ती म्हणते, "पण फुंकायला तुम्ही बसायचं. मी खाली टीव्ही बघते." चूल मांडली जाते. पहिल्या रविवारी बाजरीची भाकरी करपते, दुसऱ्या रविवारी धूर तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो, आणि तिसऱ्या रविवारच्या आत अपार्टमेंटचे चेअरमन नोटीस बोर्डावर कागद लावतात. चूल पुढे तुळशीच्या कुंडीला बैठक म्हणून उपयोगी पडते.

गावाकडे तो महिन्यातून एकदा जातो. डिसेंबर-जानेवारीत मात्र दर आठवड्याला, कारण तेव्हा हुरडा असतो. हुरड्याला तो मित्र आणतो, साहेब आणतो, साहेबांचे मेहुणे आणतो. आगटी भाऊ पेटवतो, कणसे भाऊ भाजतो, चोळून पाखडून ताटात भावजय वाढते. पाहुण्यांना तो सांगतो, "इथं आलं की कसं, मनाला शांत वाटतं." हे वाक्य चालू असताना भाऊ अंगठ्यावरचा चटका फुंकत असतो. पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणतो, "दादा, या आठवड्यात रातचीच लाईट हाय. बारा वाजता येईल. कांद्याची दारं धरायला चल." दादाला तेव्हा आठवते की उद्या कचेरीत ऑडिट आहे. उत्तरेकडच्या ऊसपट्ट्यात, राहुरी-राहात्याच्या बाजूला, या निमंत्रणाला बिबट्याचीही जोड असते. अस्वल कोंबड्या नेते तो हप्ता त्याने तीनदा पाहिलेला असला तरी रात्री उसाच्या कडेने बॅटरी घेऊन चालण्याचा प्रसंग तो कटाक्षाने टाळतो.

घरच्यांत त्याच्या मतांना खरा शह देते ती आई. ती गावच्या घरात राहते. स्लॅबच्या, फरशी घातलेल्या त्या घरासाठी तिने धाकट्यामागे सात वर्षे लकडा लावलेला असतो. धाब्याचे जुने घर पाडू नका, त्याला किती गारवा होता, असे थोरल्याने सांगून पाहिले होते; तिने त्याला पावसाळ्यात धाब्यावर माती ओढायला येशील का, एवढेच विचारले. एकदा त्याने तिला मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ दाखवला. बाई सारवलेल्या अंगणात पाट्यावर चटणी वाटते, मागे बासरी वाजते. आईने शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "आरं, त्या बाईला मिक्सर न्हाई का कुणी घेऊन दिला?" तिला स्वतःला संध्याकाळच्या मालिका आवडतात. त्यांत बंगला असतो, बंगल्यात मधोमध जिना असतो, घरातल्या बायका झोपतानाही पैठणी नेसतात आणि स्वयंपाक कोण करते ते समजत नाही. शहरातला मुलगा मातीच्या घराकडे बघतो आणि मातीच्या घरातून निघालेली आई संगमरवरी जिन्याकडे. दोघांच्या मधल्या तीस-चाळीस किलोमीटरांत वाहिन्यांचा धंदा दोन्ही बाजूंनी चालतो.

भावाला या कार्यक्रमांतला एकच आवडला, तो म्हणजे 'क्लार्कसन्स फार्म'. मोटारींवरच्या कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध झालेला जेरेमी क्लार्कसन इंग्लंडमधली आपली सुमारे हजार एकर शेती स्वतः करायला घेतो. ट्रॅक्टर गोठ्यात मावत नाही, पाऊस वेळेवर थांबत नाही, मेंढ्या ऐकत नाहीत, आणि २०२१ मध्ये दाखवलेल्या पहिल्या भागमालेच्या शेवटी वर्षाचा निव्वळ नफा १४४ पौंड निघतो. दिवाळीच्या सुट्टीत सावेडीत राहायला आलेला भाऊ हा आकडा ऐकून सोफ्यावरच उठून बसला. त्याने रुपयांत हिशोब करून घेतला, एकरी काढून घेतला आणि घोडेगाव मार्केटला गेल्या वर्षी कांद्याची पट्टी किती आली होती ती सांगितली. दोन्ही आकड्यांत फारसे अंतर नव्हते. "हा माणूस खरं बोलतो," तो म्हणाला. दादाला तो कार्यक्रम तितकासा रुचला नव्हता, त्यात शांतता कमी आहे म्हणून.

साधे जगणे प्रत्यक्ष बघायचे तर त्यासाठी या जिल्ह्यातून अलास्कापर्यंत जायची गरज नाही. नगरहून गाडीने थोडक्या वेळात हिवरे बाजार येते. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकापासून तिथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही हे ठरले, आणि दर वर्षी किती पाऊस पडला ते मोजून कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभा ठरवते. सोफ्यावरचा शेतकरी बाहेरगावच्या पाहुण्यांना तिथे नेतो आणि कमानीपाशी फोटो काढतो. बोअरबंदीचा नियम मात्र त्याला खटकतो. त्याच्या अपार्टमेंटला दोन बोअर आहेत आणि तिसऱ्याची वर्गणी निघाली आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीने त्यांना जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत घेतले, आणि २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचे व पोपटरावांचे, दोघांचीही नावे होती. राहीबाईंविषयी त्याला आदर आहे. त्यांच्या बियाण्याचा वाल त्याला गच्चीत लावायचा आहे, पण वेल मांडवावर चढवायला वेळ नाही.

नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. नातवाला पावभाजी हवी होती, आजींना ती येत नव्हती, म्हणून त्या मोबाईलवर बघून ती शिकल्या. त्यातून २०२० मध्ये 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनेल उभे राहिले आणि लाखो लोक गावच्या आजीची चव शिकायला तिच्यापाशी आले. ऑक्टोबर २०२० मध्ये ते चॅनेल हॅक झाले आणि मग परतही मिळाले. सोफ्यावरचा शेतकरी या आजींचे काळ्या मसाल्याचे व्हिडिओ बघून हळहळतो, की अशी चव आता राहिली नाही. त्याच्या आईचा काळा मसाला दर उन्हाळ्यात दोन किलोच्या डब्यात त्याच्या घरी येतो.

भौगोलिक प्रसार पाहता हा प्रकार नगरखेरीज संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव या शहरांतही विपुल आहे. जामखेड-पाथर्डीच्या ऊसतोडीच्या गावांत तो जवळजवळ दिसत नाही. तिथली कुटुंबे दसऱ्या-दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाचटाच्या कोपीत राहतात. वीज नाही, नळ नाही, चूल बाहेर, सामान एका बैलगाडीत मावेल एवढे. होमस्टेडच्या कार्यक्रमात जे जे असावे लागते ते सगळे तिथे आहे. सोफ्यावरच्या शेतकऱ्याला कारखान्याच्या रस्त्यावर या कोप्या दिसतात तेव्हा तो गाडीची काच वर घेतो, कारण धूळ फार असते.

निवृत्तीनंतर या प्रकाराच्या दोन शाखा होतात. मोठी शाखा गावच्या शेतात फार्महाऊस बांधते, त्याला परदेशी कमोड आणि वायफाय बसवते, वर्षातून नऊ दिवस तिथे राहते आणि उरलेल्या दिवसांसाठी राखणदार ठेवते. लहान शाखा खरोखरच भावाच्या जोडीने शेतीत उतरते. अशा माणसाची नखे काळी होतात, तो बाजारभावाखेरीज दुसरे काही बोलत नाही, रात्री साडेआठला झोपतो आणि टीव्ही बघत नाही. त्यामुळे त्याची गणना या प्रकारात करता येत नाही.