काँगोचा नाच आणि आपली वाघनखं

“वहिनी, लेकीकडे न्यूजर्सीला गेले होते ना 2017 साली, तेव्हाचं एक सांगायचंच राहिलं.”

“मॉलचं?”

“मॉल कसला! न्यूयॉर्कचं मेट म्युझियम. जावई म्हणाले, आई, तिथं नाच आहे. मला वाटलं, मराठी मंडळाचं लेझीम असेल. तर निघाला काँगोचा नर्तक, फॉस्तँ लिन्येकुला.”

“काँगोचा? म्हणजे काळा असेल.”

“झालं! सून बघतानाही तुमचं पहिलं कलम ‘गोरी हवी’ हेच होतं. ऐका तरी. ह्याचं आजोळ लेंगोला लोकांतलं, मूळ गाव बनाताबा. त्या लोकांची एक लाकडी मूर्ती म्युझियमच्या कोठीत होती. त्यानं ती शोधली, घरच्यांना घेऊन गावी जाऊन आला आणि मग नाच बसवला. नाव काय, तर ‘बनाताबा’. सोबत मोया मायकल, दक्षिण आफ्रिकेची.”

“मूर्ती चोरीची का हो?”

“अशा वस्तूंच्या चिठ्ठीवर देणगी कुणाची ते असतं, कोरली कुणी ते बहुतेकदा नसतंच. आणि काँगोची तऱ्हा काय सांगू! 1885 ते 1908 अख्खा मुलूख बेल्जियमच्या राजाची, लिओपोल्डची, खासगी मिळकत. एकदाही पाऊल ठेवलं नाही मेल्यानं तिथं. रबर कमी भरलं की लोकांचे हात तोडायचे. 1897 साली तर ब्रुसेल्सच्या प्रदर्शनासाठी 267 माणसं आणली. तेर्व्युरेनच्या बागेत झोपड्या उभारून त्यांना बसवलं, लोक बघायला!”

“माणसं? राणीच्या बागेतल्यासारखी?”

“तशीच. सात जण तिथंच मेले. आता सांगा, पुन्हा म्युझियम, पुन्हा काँगोचा माणूस आणि भोवती आम्ही बघे. मला तर अवघडल्यासारखं झालं. पण हा आपल्या तोंडानं आपल्याच घरची गोष्ट सांगत होता, त्यामुळे लाज वाटायची पाळी आमची. नाचातलं मला काय कळतंय? गिरक्या नाहीत, घुंगरू नाहीत. पण कोठीतल्या त्या लाकडाला कुणीतरी ‘आमच्या आईकडचं’ म्हणणारं भेटलं, एवढं कळलं.”

“मग दिली का परत?”

“नाचून कुठं परत मिळतं? फ्रान्सनं 2021 साली बेनिनला 26 वस्तू दिल्या, त्याही किती वर्षांच्या ओरड्यानंतर. आणि आपली वाघनखं? 2024 साली साताऱ्यात आली ती लंडनहून तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी! त्यातही ती महाराजांचीच का, ह्यावर वाद.”

“तरी रांग लावलीतच की तुम्ही, माई!”

“लावणारच. तुम्ही नव्हता का माझ्यापुढं, नातवाला कडेवर घेऊन?”

“होते की. आणि जावयांना आवडला का नाच?”

“ते पार्किंगचे किती झाले ह्याचा हिशोब करत होते. बरं, ती कोथिंबीर घ्या, उन्हात मान टाकेल.”