होडीचा की बोटीचा?

पुण्यात मासा मिळत नाही, असं माझ्या मामीचं ठाम मत आहे. गणेश पेठेतला मासळी बाजार तिला माहीत नाही असं नाही. तिथल्या निम्म्या विक्रेत्यांना तिने वेळोवेळी झापलेलं आहे. पण ती मूळची रेवदंड्याची. लग्न होऊन सदाशिव पेठेत आली त्याला पन्नासेक वर्षं झाली तरी पुण्यातल्या माशाला तिने मासा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ती त्याला नुसतं ‘ते’ म्हणते. त्यात हल्ली मोबाइलवरून मागवलेलं ‘ते’ येऊ लागलं: डोकं नाही, शेपूट नाही, प्लॅस्टिकच्या डबीत शहाण्यासारखे बसलेले चौकोनी तुकडे. पहिली डबी उघडून मामी बराच वेळ आत बघत राहिली आणि म्हणाली, “डोळे नाहीत, कल्ले नाहीत. याची ओळख कशी पटवायची? माणूस असता तर पंचनामा झाला असता.”

त्यानंतर तिने जाहीर केलं की दिवाळीच्या आत तिला एक मासा स्वतः निवडून, अख्खा, स्वतःच्या हाताने शिजवायचा आहे. गाडी मी चालवायची.

दिवस ठरवायला ‘कालनिर्णय’ भिंतीवरून उतरवलं गेलं. बायकोला वाटलं, सुट्ट्या बघतायत. मामी तिथी बघत होती. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा डोलजाळ्यात बोंबील-कोळंबी भरभरून येते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंदावतं आणि जाळीही. हे झालं समुद्राचं. पण त्याच पानावर गिऱ्हाइकाचंही भरती-ओहोटीचं कोष्टक असतं. नवरात्र संपलं की अख्खा महाराष्ट्र माशावर तुटून पडतो आणि भाव चढतात. गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थीला उतरतात. मामीने दोन्ही कोष्टकं जुळवून बोट ठेवलं ते कोजागिरीनंतरच्या संकष्टीवर. उधाण नुकतंच ओसरलेलं आणि गिऱ्हाईक उपाशी.

“पण मामी, मला संकष्टी असते,” बायको म्हणाली.

“मलाही होती. डॉक्टरांनी बंद केली.”

“डॉक्टरांनी मासे खायला सांगितलेत?”

“नको म्हणाले नाहीत.”

ताम्हिणी घाटात पाऊस संपल्यानंतरचे दिवस म्हणजे सगळीकडे हिरवं आणि सगळीकडे सेल्फी. एका वळणावर समोरून एक टेम्पो आला, मागच्या फळीतून पाणी गाळत. मामीने काच खाली केली, नाकाने एक लांब श्वास घेतला आणि काच वर केली. “बोंबील. परवाचे.” मग माझ्या डोक्यात जो विचार आला तो मी गाडीत कोणाला बोलून दाखवला नाही: आपण घर सोडून माशाकडे निघालोय, आणि मासा बर्फात झोपून आपल्याच घराकडे निघालाय.

माणगाव, मग आंबेतला सावित्री ओलांडून मंडणगड, मग दापोली. या मुलखाशी नातं सांगणारे भारतरत्न तीन: महर्षी कर्वे, पां. वा. काणे आणि आंबेडकर. त्यामुळे रस्त्यावर बघण्यासारखं पुष्कळ आहे. मामीने प्रत्येक पाटीला बसल्या जागेवरून नमस्कार केला आणि मला गाडी थांबवू दिली नाही. हर्णै बंदरात लिलाव सकाळी होतो आणि पुन्हा संध्याकाळच्या आधी, आणि महापुरुषांनी आपल्याला वेळेचं महत्त्व शिकवलेलं आहे, असं तिचं म्हणणं.

उतरलो होतो मुरूडला, वाडीतल्या एका घरगुती निवासात. मालक आजोबा फोनवरच बोलले होते, “आमच्याकडे शुद्ध शाकाहारी. उकडीचे मोदक आगाऊ सांगावे लागतील.” मी अडखळत माशाचा विषय काढला तेव्हा पलीकडे थोडी शांतता झाली. मग आवाज आला, “आगराच्या टोकाला एक चूल आहे. तिथं कोण काय करतं ते मी बघत नाही.”

हर्णैला पोचलो तेव्हा बोटी आत पाण्यातच नांगरलेल्या, त्यांच्यावरून माल छोट्या होड्यांतून वाळूकडे येत होता, आणि वाळूवर ठिकठिकाणी माणसांची कोंडाळी. प्रत्येक कोंडाळ्याच्या आत मासळीचा ढीग आणि एक ओरडणारा माणूस. बाहेरच्या रांगेत फोन वर धरलेले आमच्यासारखे. लिलावातला आकडा मला एकदाही कळला नाही. कळेपर्यंत ढीग दुसऱ्याचा झालेला असे, त्याच्यावर बर्फ पडलेला असे आणि पाटी ट्रकच्या दिशेने चाललेली असे. घरगुती माणसाचं तिथे काही काम नसतं. तिथे टोपल्यांचा आणि ढिगांचा हिशेब. एक-दोन माशांच्या गिऱ्हाइकाने पलीकडे जायचं असतं, लिलावातून माल घेऊन वाटे मांडून बसलेल्या बायकांकडे.

मागे सुवर्णदुर्ग होता. आंग्र्यांचा, 1755 साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतलेला, पाण्यात उभा, वर मावळतीचं ऊन. मी म्हटलं, “मामी, किल्ला बघ.”

“किल्ला कुठे जात नाही. मासा जातो,” असं म्हणून तिने किल्ल्याकडे पाठ केली, पदर खोचला आणि पन्नास वर्षांची सदाशिव पेठ एका पावलात मागे टाकून एका कोळणीसमोर उकिडवी बसली.

“केवढ्याला गो बाय हा?”

पुढ्यात पापलेटांची जोडी होती, प्रत्येक चांगलं पसरट ताटाएवढं. 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. तेव्हापासून त्याचा भाव निदान उभं राहून तरी ऐकावा असं मला वाटतं. मी उभा होतोच. आकडा ऐकून बसलो.

मामीने भावाकडे लक्षच दिलं नाही. तिने आधी विचारलं, “होडीचा की बोटीचा?”

या एका प्रश्नावर कोळणीचा चेहरा बदलला. मोठे ट्रॉलर खोल समुद्रात दिवसचे दिवस राहतात. त्यांच्या पोटातला मासा बंदरात उतरतो तेव्हा तो लोकांच्या दृष्टीने ताजा असतो, पण पहिल्या दिवशी सापडलेल्याने आठवडासुद्धा बर्फात काढलेला असू शकतो. छोट्या होडीवाला सकाळी जातो, त्याच दिवशी परत येतो. समुद्रासमोर बसून घेतलेला मासा समुद्रातून आत्ताच आलाय असं समजणं हा फक्त पर्यटकांचा हक्क आहे. कोळणीने मामीकडे नीट बघितलं, समोरची जोडी बाजूला सारली आणि मागच्या पाटीतलं फडकं उचललं.

“हा होडीचा. डोले बघ, मावशी. तुझ्यापेक्षा साफ हायेत.”

“माझे नवे बसवलेत,” मामी म्हणाली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

मग तपासणी. डोळा बाहेर आलेला हवा, खोल गेलेला नको, धुरकट तर नकोच. कल्ला उचलून आत लाल बघायचं. अंगठ्याने दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे. खड्डा राहिला तर नमस्कार करून उठायचं. पापलेटाला शेवटची परीक्षा वेगळी: कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी यावं. आलं. मामीने नाक खाली नेलं. ताज्या माशाला माशाचा वास येत नाही, समुद्राचा येतो; माशाचा वास यायला लागला की त्याचं मासेपण संपत आलेलं असतं. शेजारच्या वाट्यातला एक बांगडा तिने डोक्याकडून धरून आडवा केला. तो काठीसारखा ताठ राहिला, म्हणून तो वाटाही घेतला, पण कोळणीकडून बर्फ टाकून घेतल्यावरच. बर्फाशिवायचा तो ताजा, ही मुंबई-पुण्याची अंधश्रद्धा. बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. मामीला हा शब्द माहीत नाही. “तोंड खाजतं” एवढं माहीत आहे, आणि तेवढं पुरतं.

भाव करताना मामीने पाळलेला नियम असा दिसला की माशाची निंदा करायची, बाईची नाही. पंधराशेवरून सुरू झालेला मामला “आज संकष्टी, कोण येतंय गो तुझ्याकडे” या वाक्याला बाराशेवर आला आणि “मी रेवदंड्याची” या वाक्याला अकराशेवर. तेवढ्यात कोळणीने सवयीने कोयता उचलला. मामी ओरडली तशी लिलावाची दोन कोंडाळी थांबली असावीत. “अख्खा! डोक्याला हात लावायचा नाही! पोट साफ कर आणि कल्ले काढ, बास.”

मुरूडच्या चुलीवर अडचण वेगळीच निघाली. आजोबांनी न बघता ठेवून दिलेला तवा घावनाचा होता. मामीने पापलेटाला पाठीकडून चीर देऊन हिरवी चटणी भरली, रव्यात घोळवलं आणि तव्यावर टाकलं, तर शेपूट बाहेर. तिरकं केलं, तर डोकं बाहेर. मी दबक्या आवाजात सुचवलं की दोन तुकडे केले तर. मामीने माझ्याकडे असं बघितलं की मी नारळ मोजायला लागलो. शेवटी डोकं बाहेर ठेवून धड तळलं, मग मासा सरकवून डोकं तळलं.

बायको वाऱ्याच्या उलट दिशेला साबुदाण्याची खिचडी घेऊन बसली होती. चंद्रोदय झाला, आजोबांकडून मोदक आले, उपास सुटला. बांगड्याचं कालवण चुलीवर रटरटत होतं.

“सुटला ना उपास? ये मग,” मामी म्हणाली.

“आज चतुर्थी आहे.”

“बारानंतर तारीख बदलते.”

“तारीख बदलते, मामी. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो.”

पंचांगापुढे मामीचा इलाज चालला नाही. पापलेट आम्ही दोघांनी खाल्लं, भरलेला मासा थांबत नाही म्हणून. कालवणाचं पातेलं मामीने रात्री एकदा आणि पहाटे एकदा उकळी काढून झाकून ठेवलं. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बांगड्याचं कालवण दुसऱ्या दिवशीच खरं लागतं, आंबट-तिखट रात्रभरात आत शिरतं, हे किनाऱ्यावर कोणीही सांगेल. एवढी धावाधाव करून ताजा आणलेला मासा शिळा करूनच खायचा असतो, याबद्दल मामीला काहीही विचित्र वाटत नव्हतं.

सकाळी बायको भाकरी घेऊन पातेल्यासमोर बसली होती तेव्हा आजोबा पोह्यांचं विचारायला आगरात आले. चुलीपासून दहा पावलांवर थांबले आणि माडाच्या शेंड्याकडे बघत उभे राहिले.

“आजोबा, सूर्य उगवला ना?” बायकोने विचारलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. “झाली पाच मिनिटं.”

बायकोने झाकण काढलं. आजोबा अजून शेंड्याकडेच बघत होते.

“आमसुलं आमच्याकडचीच घातलीत ना?” ते म्हणाले. “यंदाची जरा जास्त आंबट आहेत. दोन कमी चालली असती.” आणि पोह्यांचं न विचारताच वळले. “मी वासावरून सांगतोय हो.”